वेळुग्राम ते कडेवाडा : नावांच्या मागावर

शनिवार : खानापूर, नंदगड, हलशी

कारवार हे नाव मी समुद्राच्या आधी घोषणेत ऐकलं. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ हे आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीत शाळकरी पोरांनाही पाठ असायचं, पाढ्यांपेक्षा पक्कं. पुढं पोस्टात लागलो आणि ही गावं पत्त्यांवर भेटू लागली. एकाच गावाचं मराठीत एक नाव, कन्नडात दुसरं, इंग्रजीत तिसरं आणि चौथं पत्र लिहिणाऱ्याच्या मर्जीचं. सॉर्टिंगच्या खणांपुढं उभं राहून नावांचा जो नाद लागला तो रिटायर झाल्यावरही सुटला नाही. मावसभावाची उद्यमबागेत फाउंड्री आहे. दिवाळीनंतर त्याच्याकडं काम जरा सैल असतं. गाडी त्याची, वही माझी, असा बेत ठरला. घाटमाथ्यावरून किनाऱ्याला उतरायचं आणि वाटेतल्या नावांची विचारपूस करायची.

“नावात काय बघायचंय गा?” हे त्यानं गाडी काढतानाच विचारून घेतलं.

म्हटलं, आपल्याच गावापासून बघ. शिलालेखांत बेळगावचं नाव वेणुग्राम आणि वेळुग्राम असं येतं. रट्ट राजांनी राजधानी सौंदत्तीहून इथं आणली. किल्ल्यातली कमलबस्ती त्यांच्याच काळातली, १२०४ सालची. वेळू म्हणजे बांबू, हे मराठी माणसाला सांगायला नको. पण वेळूचं बेळ झालं कुणाच्या तोंडी? शब्दाच्या सुरुवातीच्या व चा ब करणं ही कन्नडची जुनी खोड. तमिळ माणूस ‘वा’ म्हणून बोलावतो, कन्नड माणूस ‘बा’ म्हणून. म्हणजे आपण छातीठोकपणे बेळगाव म्हणतो त्यातला ‘गाव’ आपला, ‘बेळ’ कन्नड वळणाचं आणि मुळातला वेळू पुन्हा दोघांचा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं. घरात कुणाच्या तोंडचं बेळगाव सुटलेलं नाही आणि पिनकोड ५९०००१ तोच आहे.

खानापूरला मलप्रभा ओलांडली. लाल माती, कौलं, कुंभारकामाची जुनी परंपरा. इथं चहा पिता पिता मी वहीत तालुक्यातली गावं लिहून काढली, पोस्टातल्या सवयीनं. इदलहोंड, तोपिनकट्टी, जैनकोप, बैलूर. शेवटी होंड म्हणजे खड्डा किंवा डबकं, कट्टी म्हणजे बांध नाहीतर पार, कोप म्हणजे छोटी वस्ती, ऊर म्हणजे गाव. शेपट्या सगळ्या कन्नड आणि या गावांत घराघरांतून मराठी. आता पूर्वेकडं बिडीच्या बाजूला चला. पारिशवाड, गंदिगवाड. ‘वाड’ अस्सल मराठी कानाचा आणि बोलणं कन्नड. नावाची पाटी वाचून आतली भाषा ओळखायला जाल तर या तालुक्यात हमखास फसाल. सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात खानापूर आणि नंदगड महाराष्ट्राला द्यावं असं सुचवलं होतं, ते लोकांच्या बोलीवरून. नावांवरून कुणी निवाडा करायला बसलं असतं तर अजून बसलेलंच असतं.

नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याच्या समाधीपाशी थांबलो. १८३१ साली इंग्रजांनी त्याला इथंच फाशी दिलं. तिथून हलशी.

हलशीसाठी मी हा सगळा खटाटोप केला असं म्हटलं तरी चालेल. आज भाताची शेतं, कौलारू घरं आणि दुपारी झाडाखाली बसलेली दोन-चार माणसं एवढंच गाव. दीड हजार वर्षांपूर्वी हे बनवासीच्या कदंबांचं दुसरं राजधानीचं ठाणं होतं आणि त्यांच्या ताम्रपटांत याचं नाव आहे पलाशिका. पलाश म्हणजे आपला पळस. पुढं गोव्याच्या कदंबांच्या लेखांत हाच मुलूख पलसिगे, हलसिगे म्हणून येतो, आणि त्यामागे ‘बारा हजार’ असा आकडा लागतो, तो मुलखातल्या गावांचा समजतात. मधल्या काळात काय झालं, तर कन्नडनं शब्दारंभीचा प टाकला आणि ह घेतला. पाल चं हालु झालं, पळ्ळी ची हळ्ळी झाली, पूवु चं हूवु झालं. त्याच लाटेत पलसिगेची हलसिगे झाली आणि झिजत झिजत हलशी. मराठीनं झाडाच्या नावातला प जपला, म्हणून झाड पळस राहिलं आणि गाव हलशी. कदंबांचं घराणंही झाडाच्या नावाचंच. वेळू, पळस, कदंब. या मुलखातल्या जुन्या नावांना झाडाचा आधार घेतल्याशिवाय उभंच राहता येत नव्हतं की काय!

भूवराह नरसिंहाचं देऊळ गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. दोन गाभारे समोरासमोर, मध्ये मंडप. एका बाजूला नरसिंह, दुसऱ्या बाजूला वराह. गाभाऱ्यात अंधार होता. पुजाऱ्यानं दिवा वर धरला तेव्हा आधी वराहाचं पुढं आलेलं मुस्कट दिसलं, मग उचललेल्या हातावरची इवलीशी भूदेवी. मावसभाऊ तोपर्यंत माझी टर उडवत होता. इथं मात्र गप्प झाला. बाहेर आल्यावर खांब बघून म्हणाला, “लेथवर फिरवल्यासारखे आहेत बघ.” फाउंड्रीवाल्याची दाद.

रविवार : लोंढा, रामनगर, जोयडा

लोंढ्याला रेल्वेच्या वेळा पाळणारं गाव म्हणतात ते खरं. चहाच्या टपरीवरसुद्धा गाडी आली-गेली यावरच बोलणं. इथून एक फाटा गोव्याकडं जातो आणि त्या वाटेवर कॅसलरॉक हे स्टेशन आहे, कानडी-मराठी-कोंकणीच्या मधोमध इंग्रजी नाव घेऊन बसलेलं. त्याचं भाषांतर करायच्या फंदात कुणी पडलं नाही, हे बरं झालं.

रामनगर ही वसवलेली वस्ती. काळी नदीवर गणेशगुडीला धरण झालं, त्यात सुपा हे तालुक्याचं गाव गेलं आणि तिथली बरीच माणसं इथं आली. धरण ऐंशीच्या दशकात पुरं झालं. काळी आणि पांढरी अशा दोन नद्यांच्या संगमावर जुनं सुपा होतं. नद्यांना अशी जोडीची नावं ठेवणारी माणसं मला फार आवडतात. पांढरीचं पाणी काळीत मिसळायचं ते ठिकाण आता जलाशयाच्या तळाशी आहे. गाव बुडालं, कचेऱ्या जोयड्याला गेल्या, तालुका जोयडा झाला. सुपा हे नाव मात्र धरणाला चिकटून राहिलं. ज्यानं गाव बुडवलं त्यालाच गावाचं नाव मिळालं! मी पोस्टात नवा होतो तेव्हा ‘तालुका सुपा’ लिहिलेली पत्रं यायची. पत्ता बदलल्याचं कळायला माणसांना वर्षं लागतात.

रामनगरला एका हॉटेलवाल्यानं आमची पाटी बघून विचारलं, “बेळगावचे काय?” त्याचे वडील सुप्याचे. तो स्वतःला अजून सुपेकर समजतो, जन्म रामनगरचा असून. मी वहीत लिहून घेतोय म्हटल्यावर त्यानं भजी पुढं सरकवली आणि बुडालेल्या गल्ल्यांची नावं घडाघडा सांगितली, सगळी वडिलांकडून ऐकलेली.

मुक्काम जोयड्याला एका होमस्टेमध्ये. कुणब्यांचा हा मुलूख. घरात कोंकणी, बाजारात कन्नड, आमच्याशी मराठी. जेवायला कंदाची भाजी होती. इथं कंदांचे प्रकार इतके पिकतात की त्यांची जत्रा भरते.

सोमवार : अणशी घाट, कडवाड, कारवार

सकाळी कुंभारवाड्यावरून निघालो. हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अणशीचं जंगल आता काळी व्याघ्र प्रकल्पात येतं. घाट उतरताना हवा अंगाला लागते ती बदलते, कानाला दडे बसतात आणि कद्र्याला पोचेपर्यंत स्वेटर मागच्या सीटवर पडलेला असतो. कद्र्यालाही धरण, अलीकडं कैगाचा अणुवीज प्रकल्प. काळी बिचारी डोंगरात उगम पावून समुद्राला मिळेपर्यंत सारखी अडवलेली आहे.

आता कडवाड. कारवार शहराच्या अलीकडं, काळीच्या काठाला. नारळी, चिऱ्याची घरं, खाऱ्या दलदलीला बांध घालून केलेली भातशेती. बस थांबते, दोन माणसं उतरतात, बस जाते. पण कारवार हे नाव या गावाचं आहे. कडेवाडा, म्हणजे शेवटचा वाडा. गंमत अशी की इथं भांडायलाच जागा नाही. कोंकणीत कडे म्हणजे शेवट, कन्नडात कडे म्हणजेही शेवट, आणि मराठीत कड म्हणजे किनार. तिघांनाही आपलाच शब्द वाटतो, आणि तिघांचंही खरं.

मग कडवाडचं कारवार कसं? इंग्रज व्यापारी इथं १६३८ मध्ये आले, वखार घातली, मिरी आणि कापड नेऊ लागले. आपला ड इंग्रजाच्या कानाला र सारखा ऐकू येतो. कडवाड त्यांनी ऐकलं तसं लिहिलं. जुन्या कागदांत कारवारचं पहिलं अक्षर इंग्रजी सी आहे. पुढं वस्ती समुद्राकडं सरकली, १८६२ मध्ये हा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला, बंदर वाढलं, आणि साहेबाचा उच्चार शहराला कायमचा लागला. मूळ नाव नदीकाठी मागं राहिलं.

मी गाडीतच घोषणा पुन्हा म्हणून बघितली. बेळगाव, कारवार. पहिल्यात कन्नडचा ब, दुसऱ्यात इंग्रजाचा र. लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन आमच्या माणसांनी जी नावं आपली म्हणून मिरवली ती अशी तिऱ्हाइतांच्या तोंडून घासून आलेली. मावसभाऊ म्हणाला, “मग काय, आपली नव्हेत म्हणायचं?” म्हटलं, उलट. इतक्या जणांच्या तोंडून येऊनही आपली वाटतात, म्हणजे पुरती आपली झाली.

कडवाडला लागूनच सुंकेरी. कन्नडात सुंक म्हणजे जकात, केरी म्हणजे आळी. नदीच्या मुखातून माल वर चढतो तिथं जकातीचं ठाणं बसणं साहजिकच.

कारवारात आत्याकडं उतरलो. ती लग्न होऊन इथं आली त्याला जन्म लोटला. मराठी बोलते पण हेल पक्का कारवारी. घर कोडीबागला, जिथं काळी समुद्राला मिळते. कोडी म्हणजे टोक. घराच्या मागं चालत गेलं की जमीन खरोखरच संपते. जेवायला बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. मी तिला कारवारातल्या हब्बुवाडा या भागाच्या नावाबद्दल विचारलं. “हब्बूंचा वाडा तो हब्बुवाडा, त्यात काय विचारतोस? आणि काजूबागेत काजू होते. तू जेव.” आत्यापुढं व्युत्पत्तीशास्त्र फार वेळ टिकत नाही.

संध्याकाळी टागोरांच्या नावाच्या किनाऱ्यावर. सत्येंद्रनाथ टागोर इथं न्यायाधीश होते, त्यांच्याकडं तरुण रवींद्रनाथ येऊन राहिले आणि इथल्या समुद्राबद्दल त्यांनी पुढं प्रेमानं लिहिलं. हे नाव मात्र अलीकडं माणसांनी ठरवून दिलेलं, म्हणून त्याचा उलगडा पाटीवरच मिळतो. दक्षिणेला बंदर, त्याचं नाव बैतकोल. अरबीत बैत म्हणजे घर, म्हणून ‘बैत-ए-कोल’, सुरक्षित आसऱ्याची खाडी, असा अर्थ सगळीकडं छापलेला सापडतो. मला तो फार शोभिवंत वाटतो. जहाजं नांगरायला खोल पाणी लागतं आणि खोल हा शब्द इथल्या नाखव्यांच्या तोंडी रोजचा आहे. अरबी घोडे आले असतील, व्यापारी आले असतील, पण प्रत्येक बंदराला अरबी नाव द्यायची घाई नको.

मंगळवार : सदाशिवगड, माजाळी, तीळमाती

काळीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये मध्यरात्री कोसळला. त्याच्या शेजारच्या नव्या पुलावरून पलीकडं गेलो. समोरच सदाशिवगड. मराठी पर्यटक इथं आला की नावात ‘शिव’ बघून बेधडक शिवाजी महाराजांनी बांधला म्हणून सांगतो. महाराजांचा १६६५ सालच्या मोहिमेत या भागाशी संबंध आला हे खरं, पण हा किल्ला सोंद्याच्या राजानं, बसवलिंगानं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला उभारला आणि बापाचं नाव दिलं, सदाशिव. त्याच्याही आधी ही जागा चित्ताकुल. पोर्तुगिजांच्या कागदांत तिचं सिंताकोरा झालं. नंतर किल्ला काही काळ पोर्तुगिजांकडं गेला तेव्हा जवळच्या पिराच्या स्थानावरून त्यांनी त्याला पिरो म्हटलं. राजानं बापाचं नाव दिलं, परक्यानं पिराचं, आणि आजच्या पंचायतीच्या पाटीवर काय आहे? चित्ताकुला. सगळ्यांत जुनं नाव सगळ्यांना पुरून उरलं.

वरून समुद्र मोकळा दिसतो. पुढ्यात कूर्मगड, कासवाच्या पाठीसारखं बेट म्हणून कूर्म. त्यावर नरसिंहाचं देऊळ, पौष पौर्णिमेला जत्रा, माणसं होड्यांतून जातात. आणखी एक बेट आहे, त्याला इथले लोक देवगड म्हणतात. इंग्रजांनी त्याच्यावर १८६४ मध्ये दीपस्तंभ बांधला आणि नकाशात लिहिलं ऑयस्टर रॉक. कालव्यांचा खडक. एकाच बेटावर एकाला देव दिसला, दुसऱ्याला कालवं.

माजाळी हे गोव्याच्या हद्दीला टेकलेलं शेवटचं गाव. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, “खंयचे तुमी?” बेळगाव म्हटल्यावर त्यानं कुंद्याची, आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईची, चौकशी केली. आमच्या गावाची ख्याती एवढीच उरलीय बहुतेक. तीळमातीची वाट त्यानंच दाखवली. टेकडीच्या कडेकडेनं, खडकांवरून, ओहोटी असेल तर सोपी.

टेकडी उतरल्यावर मी आधी वाकून मूठभर वाळू उचलली. काळी. पण नुसती काळी वाळू म्हटलं तर काही कळणार नाही. दाणे सुटे, गुळगुळीत, जवळजवळ एका मापाचे, आणि हातावर पसरले की अगदी तीळ. ओल्या तळव्याला चिकटतात, वाळले की आपोआप झडतात. दोन्ही बाजूंचे किनारे पिवळ्या वाळूचे आणि मध्ये ही एवढीशी काळी पट्टी. ज्यानं कुणी पहिल्यांदा तीळमाती म्हटलं त्याला राजा, देव, पीर कशाचीच गरज पडली नाही. वाकला, हातात घेतलं, नाव ठेवलं. या सगळ्या वाटेवर मला सगळ्यांत पटलेलं नाव हेच. मावसभावानं वाळू कागदात बांधायला घेतली. साच्यासाठी वाळू बघायची त्याची सवय. चोळून बघितली आणि म्हणाला, “मोल्डिंगला नाही चालणार.” परत टाकून दिली.

बुधवार : अंकोला, गोकर्ण आणि परत

कारवार सोडलं की बिणगे, आरगे. आरगे आणि आसपासच्या गावांतली माणसं नौदलाच्या तळासाठी उठली. तळाचं नाव आयएनएस कदंब. हलशीच्या पळसाखालचं ते घराणं इथं येऊन युद्धनौकांच्या धक्क्यावर पोचलं. समोरचं अंजदीव बेटही नौदलाच्याच ताब्यात. वास्को द गामा १४९८ मध्ये तिथं थांबला होता. अंकोला तालुक्यातली आर्यादुर्गा मूळची त्या बेटावरची, पोर्तुगिजांच्या भयानं इकडं आणली असं भक्त सांगतात.

हत्तीकेरीला टोल भरला. अंकोला हे नावही झाडाचंच, अंकोल नावाच्या रानझुडपाचं, इथले हालक्की जमातीचे लोक त्याला पूज्य मानतात. पेठेत ते झुडूप कोणाला दाखवता येईना.

गोकर्णाबद्दल थोडक्यात. गाईच्या कानातून शंकर प्रकटला ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे. दर्शनाला रांग मोठी होती, ऊन त्याहून मोठं. किनाऱ्यांची नावं बघून मात्र हसू आलं : ओम बीच, हाफ मून, पॅराडाइज. ओमचा आकार तरी दिसतो. बाकीची नावं हॉटेलच्या मेन्यूकार्डावरून उचलल्यासारखी. त्यांच्यामध्ये कुडले हे एकच नाव कोंकणी घरातलं वाटतं.

परतीला अंकोल्यावरून यल्लापूरचा रस्ता धरला. काही अंतर गंगावळी नदी सोबत असते. हीच नदी वर घाटमाथ्यावर बेडती म्हणून ओळखली जाते आणि धारवाडला उगम पावणारी शाल्मला तिलाच येऊन मिळते. घाट चढायच्या आधी एक गाव लागलं, सुंकसाळ. मी गाडी थांबवायला लावली. सुंक! कारवारच्या नदीमुखाशी सुंकेरी, इथं घाटाच्या तोंडाशी सुंकसाळ. मिरी, सुपारी, मीठ घेऊन बैलांचे तांडे चढत-उतरत असणार त्याच वाटा या. जकातवाला दोन्ही दारं धरून बसायचा.

मावसभावानं पाटी वाचली, माझी वही बघितली आणि म्हणाला, “मग सकाळी टोल भरला त्या हत्तीकेरीचं दोनशे वर्षांनी काय होईल रे? टोलकेरी?”

“फास्टॅगकेरी,” मी म्हटलं, आणि त्यानं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.